‘भारतीय कॉफी म्हणजे चिकोरी आणि रोबस्टाचा गाळ’ : कालच्या पोस्टला उत्तर

तिकटीवरचा

काल ‘रिकामा_कप’ यांनी इथं पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भारतात कॉफी पिकते पण पिण्यालायक नसते. सत्तर टक्के रोबस्टा, म्हणजे कॉफीची कडवट, दणकट जात, तीही चिकोरीत (एका मुळीची भाजलेली पूड) बुडवलेली. कूर्ग, चिकमगळूर ही नावं पाकिटावर छापण्यापुरती. चव पाहिजे तर इथिओपिया नाहीतर कोलंबिया घ्या. आणि कोल्हापूरकरांनी कॉफीवर बोलूच नये, गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध प्यावं.

दुधाचं सोडा, ते आम्ही पितोच. पण बाकीचं वाचून रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय.

रोबस्टा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, हे खरं. ती का आहे ते सांगायला मात्र साहेब विसरले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तांबेरा या पानांच्या रोगानं सिलोनची कॉफी संपवली, तिथं चहा आला. आपल्याकडचेही मळे झोपले. अरेबिका ही दुसरी जात चवीला चांगली पण नाजूक, म्हणून पुढं रोबस्टा आली. तरीसुद्धा आपल्या लोकांनी अरेबिका सोडली नाही. बाळेहोन्नूरला 1925 पासून संशोधन केंद्र आहे. तिथल्या कामातून एस-795 हा वाण 1940 च्या दशकात बाहेर पडला. तो आज इंडोनेशियातसुद्धा लावतात. त्याच इंडोनेशियाची कॉफी तुम्ही ‘इम्पोर्टेड’ म्हणून घेता.

आता नावांचं. बाबाबुडनगिरी, चिकमगळूर, कोडगू (म्हणजेच कूर्ग), केरळातलं वायनाड, आंध्रातलं अराकू यांच्या कॉफ्या वेगळ्या लागतात, पण आपल्याला त्या ओळखता येत नाहीत. का? 1942 चा कायदा झाला आणि मळेवाल्याला सगळा माल कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे एकत्र साठ्यात घालावा लागायचा. तिथं प्रतवारी दाण्याच्या आकाराची आणि दर्जाची. मुल्लयनगिरीच्या उतारावरचा माल आणि खालच्या गावचा माल एकाच ढिगात. नव्वदीत हे हळूहळू सैल झालं, 1996 ला पूर्ण मोकळं झालं. पन्नासेक वर्षं ज्या मालाला गावाचं नाव लावता आलं नाही, त्याचं नाव एका पिढीत इथिओपियाएवढं होईल कसं?

आणि जे चांगलं पिकतं ते बाहेर जातं. उत्पादनाचा मोठा हिस्सा निर्यात होतो, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. एस्प्रेसोवर जाड तांबूस फेस धरतो, त्यासाठी त्यांना आपली धुतलेली रोबस्टा लागते. तुमचा तोच ‘गाळ’.

रिकामा_कप

भाषण झकास. पण मी मळ्यावर बोललोच नव्हतो, कपावर बोललो होतो. इटलीला काय जातं ते इटलीवाले बघतील. माझ्या स्वयंपाकघरात काय येतं?

मागं मडिकेरीला गेलो होतो. बाजारात एका दुकानात ‘प्युअर कूर्ग’ म्हणून पाकीट घेतलं, दुकानदारानं नाकापुढं धरून वास दिला. घरी येऊन पाकीट उलटं केलं तर शिवणीजवळ मुंगीएवढ्या अक्षरात ‘कॉफी 53 टक्के, चिकोरी 47 टक्के’. कायद्यानं 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणजे तो माणूस चोरसुद्धा नाही. निम्मं पाकीट गुजरातेतली भाजलेली मुळी, आणि तुम्ही मला बाबाबुडनची टेकडी सांगताय.

तिकटीवरचा

मग पाकीट दुकानातच उलटं करायचं होतं की. त्यात कॉफीच्या झाडाचा काय दोष?

उद्यमनगरवाला

दोघंबी जरा थांबा. राजारामपुरीत एका ठिकाणी परवा पोरीनं नेलं. 220 रुपयाला कप, त्यात जांभळाचा वास हाय म्हणत होता तो पोरगा. मी म्हटलं जांभळं खायची तर जांभळं घेतो की, स्वस्त पडतंय. कारखान्यात आमच्या चहा 10 रुपये, आन डोळं उघडतंय. ही सगळी पैशेवाल्यांची नाटकं.

माहेर_कोल्हापूर

मी सासरी सकलेशपूरजवळ असते, हासन जिल्ह्यात. थोडी आमचीही कॉफी आहे, म्हणून दोघांनाही सांगते.

रिकामा_कप दादा, कोडगूत अरेबिकेपेक्षा रोबस्टा कितीतरी जास्त पिकते. ‘कूर्ग’ म्हटलं की लोकांना अरेबिका वाटते, इथंच पहिली फसवणूक. तुमचं पाकीट चिकोरी काढून टाकली असती तरी बहुतेक रोबस्टाच निघालं असतं.

आणि तिकटीवरच्या दादांना: ‘आपल्या लोकांनी अरेबिका सोडली नाही’ हे वाचायला छान आहे. आमच्या सासऱ्यांनी सोडली. खोडकिडा. खोडावर सालीखालून कंगोरे उठल्यासारखे दिसायला लागले की समजायचं, आत पोखरलं. मग झाड मुळासकट उपटून जाळायचं, दुसरा इलाज नाही, नाहीतर शेजारची झाडं जातात. सावली विरळ झाली की किडा जास्त, म्हणून सिल्व्हर ओकच्या जोडीला जुनी देशी झाडं राखायची. पण लाकडाचा भाव आला की तीच आधी तुटतात. वरच्या अंगाला सासऱ्यांनी स्वतः लावलेली अरेबिका होती. ती जाळली त्या दिवशी ते जेवले नाहीत. आता तिथं रोबस्टा आहे आणि खरं सांगायचं तर 2024 ला रोबस्टाचा भाव असा चढला की त्यांना कुणी अरेबिकेची आठवण काढलेली चालत नाही.

रिकामा_कप

ताई, हेच तर म्हणतोय मी! मळेवालेच रोबस्टाकडं वळले. माझी पोस्ट बरोबर होती, धन्यवाद.

माहेर_कोल्हापूर

अजिबात नाही. तुम्ही तिला गाळ म्हणालात. लाल झालेलं फळ तेवढंच तोडून, साल काढून, धुऊन, खळ्यावर जाळी अंथरून वाळवलेली रोबस्टा तुम्ही प्यायला नाहीत. तुम्ही प्यालात ती फांदी ओरबाडून काढलेली, कच्ची-पिकी सगळी फळासकट वाळवलेली. दोन्ही रोबस्टाच. आमच्याकडं मजूर मिळत नाहीत म्हणून दुसरी जास्त होते. दोष द्यायचा तर तोडणीला द्या.

निपाणी_बायपास

ट्रान्सपोर्टमध्ये हाय, मंगळूर लाईन. पावसाळ्यात तिथं किनाऱ्याकडच्या गोदामात माल पोचवायला जायचो, तिथलं डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो. आमचा नियम काय, ताडपत्रीत पाण्याचा थेंब गेला तर भाडं कापणार. आन हितं हे लोक मुद्दाम भिंती उघड्या ठेवून जमिनीवर कॉफी पसरतात, वितीपेक्षा कमी जाडीचा थर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्राचं दमट वारं लागत राहतं. माणसं दाताळ्यानं वरखाली करत बसलेली. मग पोती सैल भरायची, वारं फिरंल अशी फटी ठेवून रचायची, परत ओतायची, परत भरायची. हिरवा दाणा फुगून पिवळट-पांढरा होतो. हीच ती मान्सून्ड मलबार. आंबटपणा जातो म्हणतात. पूर्वी जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात माल जायला महिनोन्महिने लागायचे, वाटेत दाणा ओल धरायचा. तिकडच्या लोकांना तीच चव लागली. आगबोटी जलद झाल्या आन चव गेली, तर ह्यांनी किनाऱ्यावर बसून ती परत बनवली.

मला सगळ्यात भारी वाटली ही गोष्ट. रिकामा_कप साहेब, कोलंबियात हे होतंय काय?

रिकामा_कप

होत नाही, कारण त्यांना गरज नाही. त्यांची ताजी कॉफी चांगली असते. (मान्सून्ड मलबार मी प्यालोय. बरी होती. बस.)

तिकटीवरचा

‘बरी होती’! नोंद घ्या मंडळी. मान्सून्ड मलबारला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि 2019 ला कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, अराकू अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका या पाचांना मिळालं. सरकारी कागदावर वेगळेपण नोंदलंय. आता तरी ‘नावं छापण्यापुरती’ म्हणू नका.

गुळव्याचा_नातू

जीआय म्हणालासा म्हणून बोलतोय, न्हाईतर गप्प वाचत बसलो हुतो. कोल्हापुरी गुळाला 2014 ला जीआय मिळालं. काय फरक पडला? बाहेरनं गूळ येतो, हितल्या बॉक्सात भरला जातो, ‘कोल्हापुरी’ शिक्का मारून गुजरातला जातो. आमच्या आज्ज्याचं गुऱ्हाळ हुतं पंचगंगेकाठी. आता शेड उभं हाय, काहील उलटी पडल्याली, तिच्याखाली कुत्री बसत्यात. जीआयचा कागद तिला चिकटवू काय?

तिकटीवरचा

दादा, विषय कॉफीचा आहे.

गुळव्याचा_नातू

विषय त्योच हाय. नाव आन माल ह्यांचा संबंध राहिला न्हाई, हे रिकामा_कप म्हणतोय ते गुळात मी रोज बघतोय. गिऱ्हाइकाला पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) पाहिजे, मग टाक हायड्रॉस, रंग उजळायची पावडर. साखर स्वस्त पडली की टाक साखर. माझा आज्जा रस तापला की रानभेंडी ठेचून तिचं चिकट पाणी सोडायचा. मळी फेसासारखी वर यायची, ती झाऱ्यानं काढत राहायची, कंटाळायचं न्हाई. गूळ निघायचा तांबूस-काळा. आज त्यो गूळ सौद्यात न्या, व्यापारी रव्यावर सुरीचं टोक मारून बघतो आन तोंड फिरवतो.

उद्यमनगरवाला

हे मात्र खोटं. काळा गूळ आता पिवळ्याच्या वरच्या भावानं विकतोय, ‘सेंद्रिय’ लिहिलं की झालं. माझा मेहुणा विकतोय. तुमच्या आज्ज्याचं गुऱ्हाळ बंद पडलं ते कारखान्यानं ऊस जास्त दरानं नेला म्हणून. शिक्क्याला कशाला शिव्या?

गुळव्याचा_नातू

मेहुणा गूळ करतोय का विकतोय, ते आधी इचार. ‘सेंद्रिय’ लिहायला कोण आडवतंय? आन ऊस कारखान्याला गेला, बरोबर, पण का गेला? गुळव्या मिळंना, जाळ घालायला माणूस मिळंना. रात्रभर चुलवाणापुढं बसायला तुझा पोरगा येतोय काय?

उद्यमनगरवाला

पोरांवर जायचं काम न्हाई हां. मी फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहून दिवस काढलेत. जाळ मला शिकवू नका.

माहेर_कोल्हापूर

दोघंही शांत व्हा बघू. मजुरांचं दुखणं इकडंही तेच आहे. आमच्याकडं तोडणीला आसाम, झारखंडकडून माणसं येतात. ती आली नाहीत त्या वर्षी फळ झाडावर काळं पडून गळलं. पण गुळवे दादा, एक फरक आहे. अराकूत आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या छोट्या तुकड्यांवरची कॉफी गोळा करून एका जागी नीट प्रक्रिया झाली, आणि 2017 ला तिचं पॅरिसमध्ये दुकान निघालं. म्हणजे नावाला माल मिळू शकतो. कुणीतरी मधे बसून रोज फळ बघून घ्यावं लागतं, पिकलेलं नसेल तर परत पाठवावं लागतं.

गुळव्याचा_नातू

ताई, तुमचं मान्य. हितं रवा परत पाठवणारा माणूस दावा मला.

निपाणी_बायपास

मधेच विचारतो, आपल्याकडं का लावत न्हाईत कॉफी? शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफी लावून बघितली हुती असं ऐकतोय लहानपणापासून. आन विदर्भात चिखलदऱ्याला तर आजबी हाय.

माहेर_कोल्हापूर

उंची बसेल, पाऊसही भरपूर. पण कॉफीला फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर लागते. ती पडली की आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो, घरात मोगऱ्यासारखा वास भरतो. त्यानंतर पुन्हा थोडा पाऊस नाही झाला तर फळ धरत नाही. कोल्हापूरला वळीव एप्रिल-मे मध्ये, तोही गारा घेऊन. इथं आता पाऊस चुकला तर तळ्यातलं पाणी स्प्रिंकलरनं मारतात, पण तो खर्च बघितला की ऊस बरा वाटेल तुम्हाला.

रिकामा_कप

शेवटचं बोलतो. रोबस्टाला ‘गाळ’ म्हणालो ते ताईंच्या सासऱ्यांसाठी मागं घेतो, तिकटीवरच्यासाठी नाही. तोडणीचा मुद्दा पटला. पण मला सांगा, या धाग्यात कोल्हापुरात बसून चिकमगळूरची अरेबिका बिनदुधाची, बिनचिकोरीची पिणारा एकतरी आहे का?

तिकटीवरचा

मी पितो. दाणे मागवतो, घरी दळतो. बाबाबुडनगिरीची मऊ लागते, आंबटपणा अगदी हलका. वायनाडची रोबस्टा वेगळी, तिला भाजलेल्या धान्याचा वास आणि कडवटपणा. ती मी दुधात घालतो, कारण आपल्या म्हशीच्या दुधात अरेबिका घातली तर कुठं गेली ते कळतच नाही. रोबस्टा टिकते. म्हणजे कोल्हापूरला रोबस्टाच सोयीची, गंगावेशीच्या दुधासकट.

रिकामा_कप

ठीक. म्हशीसाठी रोबस्टा मान्य. मी म्हैस नाही.

उद्यमनगरवाला

ह्यावर काय बोलावं ते सुचंना. साखर किती घालतासा?

तिकटीवरचा

गूळ.

गुळव्याचा_नातू

कुठला? पिवळा असंल तर दूध फाटतंय. उकळत्या दुधात तर टाकूच नका, खाली उतरवा, वाफ जाऊ द्या, मग टाका.

उद्यमनगरवाला

कुठलाबी गूळ टाका, फाटतंयच. रंगाचा काय संबंध?

गुळव्याचा_नातू

संबंध हाय. मेहुण्याला इचार.

रिकामा_कप

तिकटीवरचे साहेब, धाग्याचं नाव बदला आता. ‘गूळ’ ठेवा.

निपाणी_बायपास

गुळाचा धागा आधीच हाय. तिथं सगळी कोल्हापुरी चपलेच्या जीआयवर भांडायलेत, चार जिल्हे आपले आन चार कर्नाटकाचे म्हणून.