गेमिंग पीसीचा मदरबोर्ड कसा निवडलात? पुणेकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता

टिळक रोडवरच्या दुकानांत गर्दीच्या वेळी उभं राहिलं की मदरबोर्डाबद्दल एकच प्रश्न कानावर येतो, "यात माझा प्रोसेसर बसेल ना?" ग्राफिक्स कार्डाचा महिनाभर अभ्यास झालेला असतो आणि बोर्ड मात्र बजेटात जे उरेल त्यात उरकला जातो. मला हे पटत नाही. कार्ड उद्या विकून नवं घेता येतं, रॅम वाढवता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं मशीन सोडवून पुन्हा बांधायचं.

म्हणून हा धागा. काय बघून बोर्ड घेतलात, आपल्या उन्हाळ्यात आणि विजेच्या लपंडावात तो कसा टिकला, ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवून, खेळताना खरंच काही मिळालं का, ते सविस्तर लिहा. तक्रार असेल तर दुकानाचं किंवा कंपनीचं नाव न घेता.

माझं सांगतो. मी सुरुवात चिपसेटपासून केली, म्हणजे बोर्डावर कोणत्या सोयी मिळतील ते ठरवणाऱ्या चिपपासून. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावात 'के' असेल आणि बोर्ड झेड मालिकेतला (झेड ६९०, झेड ७९०) असेल, तरच मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक, वाढवता येतो. बी ७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एच ६१० वर दोन्ही नाही. एएमडीकडे बी ४५०, बी ५५०, बी ६५० हे मधल्या किमतीचे चिपसेटही ओव्हरक्लॉक करू देतात. ए ५२० आणि ए ६२० मात्र प्रोसेसरला हात लावू देत नाहीत. मी बी ६५० घेतला आणि त्यावर रायझन ५ ७६००. एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) २०२२ मध्ये आलं, रायझन ९००० मालिकाही त्यावरच बसते. पुढे प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहिली, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण होतं.

तापकीर गल्ली

बोर्ड दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे मरून आलेले बोर्डच जास्त बघतो. व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरला लागेल तेवढं व्होल्टेज तयार करणारा बोर्डावरचा भाग; तो आधी नीट समजून घ्या, मग बॉक्सवरचे आकडे वाचा. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. प्रोसेसर १५० वॅट खात असेल तर १.२ व्होल्टला १२५ अँपिअर होतात. एवढा करंट व्हीआरएममधल्या, सॉकेटशेजारच्या त्या छोट्या मॉसफेटमधून (करंट चालू-बंद करणाऱ्या चिपमधून) जातो. रायझन ९ ७९५०एक्सची मर्यादा २३० वॅट आहे, आय-नाइन १३९००केची २५३. आता तुम्हीच हिशेब करा.

आत्ता टेबलावर एक बोर्ड आहे. मॉसफेटवर हीटसिंकच नाही. त्यांच्याभोवतीचा पीसीबी, म्हणजे बोर्डाची मूळ पाटी, तपकिरी पडलाय, बोटानं चाचपलं तर तिथला थर किंचित खडबडीत लागतो, बाकी बोर्ड नव्यासारखा काळा. गिऱ्हाईक म्हणतं, "अचानक गेला." तो अचानक गेलेला नाही, उन्हाळ्यामागून उन्हाळा भाजत गेलाय.

फेजच्या, म्हणजे व्हीआरएममधल्या समांतर शाखांच्या, आकड्याला भुलू नका. १४ फेज लिहिलेल्या बोर्डात कधी सातच खऱ्या असतात आणि प्रत्येकीवर दोन मॉसफेट जोडून चौदा मोजलेल्या असतात. ते वाईट असतं असं नाही. पण प्रत्येक मॉसफेट किती अँपिअरचा, हीटसिंक भरीव धातूचा आहे की वरून नुसतं प्लॅस्टिकचं टोपण, हे विचारा. बोर्ड हातात घेऊन वजन बघा. हातालाच कळतं.

धनकवडीचा विद्यार्थी

आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, एसी नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असले की संध्याकाळी सातलाही खोली भट्टी असते. खेळताना मध्येच फ्रेम निम्म्यावर यायचे. प्रोसेसरचं तापमान ७० च्या आसपास, म्हणजे ठीक. मग हे का? एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खाली सरकत गेलो तर व्हीआरएमचा आकडा शंभरीपार. बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली खेचत होता.

बोर्ड बदलायला पैसे नव्हते. मागचा एक्झॉस्ट पंखा बदलला, वर एक नवा लावला, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) इको मोड लावून प्रोसेसरची वीज वापरायची मर्यादा कमी केली. झटके थांबले, गेममध्ये फरक जाणवण्याइतका नाही. एक मात्र लक्षात घ्या, लिक्विड कूलर लावला की सॉकेटभोवती वारं फिरेनासं होतं. टॉवर कूलरचा पंखा व्हीआरएमलाही थोडी हवा देतो, तेवढीसुद्धा आमच्यासारख्या खोलीत मोलाची आहे.

चिंचवडकर

खरं ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांपैकी मी. आय-फाइव्ह १३६००के, झेड ६९० बोर्ड, ५.१ गिगाहर्ट्झवरून ५.४. जास्त रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर, सगळं हाय ठेवून खेळलं तर फ्रेममध्ये फरक जवळपास शून्य, कारण तिथे अडतं ते ग्राफिक्स कार्ड. १०८०पी रिझोल्यूशनमध्ये कमी सेटिंगवर स्पर्धात्मक खेळ खेळलात तर थोडा दिसतो. पण मला त्या ट्यूनिंगचीच आवड आहे, आणि आवडीसाठी खर्च करणं मला योग्य वाटतं.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: लोड-लाइन कॅलिब्रेशनला जपा. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते सावरायला ही सोय असते. नवखी मुलं ती सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवतात. मग लोड उतरताक्षणी व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मधली पायरी ठेवा. बोर्ड घेताना क्लिअर सीमॉसचं (बायोसची सेटिंग पुसणारं) बटण मागे आहे का आणि एरर दाखवणारे दिवे किंवा दोन आकडी कोड आहे का, ते पाहा. सेटिंग फसलं की याच दोन गोष्टी कामाला येतात.

एरंडवणे

मी विरुद्ध बाजूचा. फक्त गेमसाठी घेत असाल तर ओव्हरक्लॉकिंगच्या बोर्डावर जास्तीचे पैसे घालू नका. रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर कंपनीनं बंदच ठेवला होता, तरी २०२२ मध्ये गेमिंगला तो सर्वोत्तम प्रोसेसरांमध्ये गणला गेला. मोठा कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) होता म्हणून. साधा, भक्कम बी मालिकेतला बोर्ड घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला.

धागाकर्ता

सहमत, अर्धा. गेमसाठी महागडा बोर्ड नकोच. पण "साधा" आणि "भक्कम" हे दोन्ही एकाच बोर्डात सापडायला शोधावं लागतं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. मी स्वतः वेग वाढवलेला नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर (बायोसमधली व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) उणे करून व्होल्टेज उतरवलं आणि रॅम ६००० एमटी/सेकंद वेगावर चालवली. मध्येच बसणारे झटके त्यानेच कमी झाले.

वाकड, रात्रपाळी

रॅमचा विषय निघाला म्हणून. डीडीआर५ च्या चार काड्या लावणार असाल तर थांबा. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन काड्यांना ५२००, चार लावल्या की ३६००. बॉक्सवर ६००० लिहिलेलं असलं तरी तो एक्सपोचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचा वेग आहे. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन घ्या आणि सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डाच्या पुस्तिकेतही बहुधा तेच लिहिलेलं असतं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचा गेम सारखा बंद पडायचा. सगळे गेमला आणि ड्रायव्हरला दोष देत होते. रॅम तपासणारी मेमटेस्ट ८६ रात्रभर लावली, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. वेग एक पायरी खाली घेतला आणि आजार गेला. आणि हो, एएम५ वर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅम शिकत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

विद्युत अभियंता, नारायण पेठ

बोर्डाची स्थिरता बोर्डाबाहेर सुरू होते, त्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत बऱ्याच सॉकेटांना तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तारच नसते. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटकडे जोडलेले असतात. अर्थिंग तुटकं असेल तर कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब चढतो. करंट नगण्य, पण बोटांना झिणझिण्या येतात. यूएसबी मध्येच तुटणं, हेडफोनमध्ये घरघर, असल्या तक्रारींत मी आधी हेच तपासतो. लोक मात्र बोर्ड परत करायला निघतात.

इलेक्ट्रिशियनला बोलवा, मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजायला सांगा. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. लाइन ते अर्थिंग २३० च्या जवळ यायला हवं. तिथे ते अर्धवट दिसलं तर अर्थिंग नाही असं समजा आणि आधी ते करून घ्या. बोर्डापेक्षा फार स्वस्त काम आहे.

पिंपरीकर

मी बोर्ड निवडतो तो कंपनीच्या बायोसच्या पानावरून. शेवटची आवृत्ती कधी आली, जुन्या बोर्डांनाही अजून देतात का, हे बघतो. कारण उघड आहे. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी जळण्याच्या तक्रारी आल्या तेव्हा एएमडीनं बायोसमधूनच एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) १.३ वर बांधलं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या अस्थिरतेवर उपाय आला तोही मायक्रोकोडमधून (बायोसबरोबर येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून), ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. बोर्ड कंपनीनं ते बायोस वेळेवर दिलं नाही तर तुमच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्डच घ्या. प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे बायोस बदलताना मशीन यूपीएसवर असलंच पाहिजे.

मी कोथरूडची

मुलगा अकरावीत आहे. त्याला गेमिंग पीसी हवाय, पुढे थ्रीडीही शिकायचं म्हणतो. दोन दुकानांनी दोन वेगळी कोटेशनं दिली. एकात बी ६५०, दुसऱ्यात "त्यापेक्षा स्वस्त आणि तेच काम" म्हणून ए ६२०. सेकंडहँड बोर्डही एकानं सुचवला. तुमचं वाचून पहिलं कोटेशन बरं वाटतंय. दुकानात मी नेमकं काय विचारू?

तापकीर गल्ली

ताई, बी ६५० च घ्या, पण कोटेशनवर नुसतं "बी ६५०" चालणार नाही. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. एकाच कंपनीचे बी ६५० चे पाच-सहा प्रकार असतात आणि त्यांच्या व्हीआरएममध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. थ्रीडीचं रेंडरिंग तासन् तास चालतं, तिथे हे गेमपेक्षा जास्त लागतं. बिलावर सिरीयल नंबर हवा आणि वॉरंटी भारतातली हवी. बाहेरून आणलेला बोर्ड इथे सर्व्हिसला घेतीलच असं नाही.

पैसे देण्याआधी बॉक्स तिथेच उघडायला सांगा. एएम५ च्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरला नाहीत. झाकण उचलून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. सगळ्या पिना एका ओळीत सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी जरी वेगळ्या दिशेला चमकली तर तो बोर्ड घेऊ नका. वाकलेल्या पिनेवर वॉरंटी मिळत नाही, आणि ती दुकानात वाकली की घरी, हे नंतर कुणीच सिद्ध करू शकत नाही. सेकंडहँडच्या बाबतीत तर हा फोटो आधी मागवा, मगच बघायला जा.

मी कोथरूडची

मनापासून आभार. मॉडेल नंबर विचारला तर दुकानदारानं आधी टाळलं, मग लिहून दिला. हीटसिंक दोन बाजूंना आहे, फ्लॅशबॅकचं बटणही आहे. इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावलंय, अर्थिंग तपासून झाल्यावरच पैसे भरणार आहे.