वेल्श दुग्धसंस्थेच्या मानचिन्हातला लाल ड्रॅगन

वेल्समधल्या दुग्धसंस्थेच्या मानचिन्हात लाल ड्रॅगन घ्यायचा म्हटलं की कुणीतरी म्हणतं, ड्रॅगन म्हणजे नुसती वेल्श असल्याची खूण, गाईगुरांशी त्याचा संबंध नाही. प्राण्यापुरतं ठीक, पण त्याच्या ब्रीदवाक्याची गोष्ट वेगळी आहे. 1953 मध्ये वेल्सला मिळालेल्या राजचिन्हावरची आणि कार्डिफ शहराच्या चिन्हावरही असलेली ओळ, 'लाल ड्रॅगन चालना देतो' अशा अर्थाची, पंधराव्या शतकातल्या देयो अब येवान डी या कवीची. ती कविता आहे वळू भेट दिल्याबद्दल आभार मानणारी! संदर्भ वळू गाईवर जाण्याचा आहे, त्यामुळे ओळ बरीच चावट. डेअरीवाल्यांना याहून समर्पक ब्रीद कुठे मिळणार?

आता रंग. मानचिन्हांच्या शास्त्रात (हेराल्ड्री) सोनेरी-रुपेरी (म्हणजेच पिवळा-पांढरा) हे 'धातू', लाल, हिरवा, काळा वगैरे 'रंग'. रंगावर रंग ठेवत नाहीत, लांबून आकृती ओळखू येत नाही म्हणून. लाल ड्रॅगन निव्वळ हिरव्यावर काढला की नियम मोडतो. ध्वजावर चालतो, कारण मागची पार्श्वभूमी वर पांढरी, खाली हिरवी अशी विभागलेली आहे (हे ट्यूडर घराण्याचे रंग). हिरव्यावर रुपेरी दुधाचा कॅन बिनधास्त घ्या. काळी-पांढरी फ्रीझियन गाय मात्र लेटरहेडच्या आकारात नुसता डाग दिसते. एकरंगी काळी वेल्श ब्लॅक गाय पांढऱ्यावर उठून दिसते.

आणि ड्रॅगनचं तोंड बघणाऱ्याच्या डावीकडेच हवं. ढालीची उजवी बाजू ढाल धरणाऱ्याकडून मोजतात, छापखान्यात नेमकी तीच उलटते.