बहिणीचं बीपी उतरलंय, सासरचे घरी न्यायचं म्हणतात. मदत हवी आहे

मंडळी, धाकटी बहीण गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका आडगावात दिलेली. पहिलटकरीण, चोविसावा आठवडा. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "ताई, साबण लावूनसुद्धा बांगड्या निघत नाहीत." आईने समजूत घातली, पोटुशीचे हातपाय सुजायचेच. दुसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखायला लागलं, डोळ्यांसमोर काजवे.

आरोग्य केंद्रात बीपी १७०/११४ निघालं. पंधरा मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच. लघवीत प्रोटीन तीन प्लस. डॉक्टर जागेवर नव्हते. सिस्टरांनी त्यांना फोनवर विचारून बीपीची गोळी दिली, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आधी शिरेतून, मग दोन्ही कुल्ल्यांवर दिलं आणि १०८ बोलावून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. स्वतः गाडीत बसून आल्या. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. त्याआधी ती जिथे तपासायला जायची तिथल्या कार्डावर मात्र बीपीचा रकाना कोरा आहे. तो बघितला की अजून पोटात कालवतं.

आता बीपी १४०/९० आहे, ती जेवते, बोलते. म्हणून सासूबाई म्हणतात, बरी झाली, घरी नेऊया, गोळ्या तिथेही घेईल, मीठ बंद करू. पावसात तिथे रेंज जाते, झाड आडवं पडलं की रस्ता बंद. डॉक्टर सांगतात, रोज रक्त तपासत जितके दिवस निघतील तितके काढू, पण आईचं बिघडलं तर बाळ कितीही लहान असो, बाळंतपण करावं लागेल. हे सासरच्यांच्या गळी कसं उतरवू? उद्या सकाळी ते डिस्चार्ज मागणार आहेत.

---

ताई, मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. कृपा करून नेऊ देऊ नका. बीपी औषधाने खाली आहे, दुखणं तिथेच आहे. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात, गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाण्याचा आजार. त्याचं मूळ वारेत (प्लॅसेंटात) असतं, वार पडल्याशिवाय ते हटत नाही. मीठ तोडून काही होत नाही. उद्या राऊंडच्या वेळी सासूबाईंनाच डॉक्टरांसमोर उभं करा आणि घरी झटका आला तर काय, हे त्यांच्या देखत विचारा. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं कधी देणार, तेही विचारून घ्या. उजव्या बरगडीखाली दुखलं तर पित्त समजून गप्प बसू नका, लगेच सिस्टरला सांगा. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, तेव्हा पुढचे सहा आठवडे बीपी मोजायचं सोडू नका. राऊंडनंतर काय ठरलं ते इथे कळवा.