"कित्ता हो" हे दुकानात, शेतात, शेजारी कसं दिसतं?

खानापूरची शिक्षिका
सलाम. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी 1 तीमथ्य 4:12 घ्यायचं आहे: भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास, शुद्धता यांत विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो. सुट्टीत यातली बरीच मुलं घरच्या दुकानात नाहीतर भातशेतीत हात लावतात. तिथे त्यांनी नेमकं काय करायचं? शिवाय मत्तय 5:16 मध्ये सत्कर्मं लोकांना दिसोत असं आहे, आणि 6:1 मध्ये लोकांनी पाहावं म्हणून करू नका. मुलं यावर हमखास अडवतात.

वडगावकर
ताई, 6व्या अध्यायात प्रभू तीन गोष्टी झाकायला सांगतो: दान, प्रार्थना, उपास. त्या देवाला कळल्या की पुरे. वजन, मजुरी, दिलेला शब्द मात्र दुसऱ्याच्या हातात पडतात. झाकू म्हटलं तरी झाकत नाहीत. 5:16 मध्ये गौरव पित्याचा आहे, हेही मुलांना दाखवा.

"कित्ता"साठी मूळ ग्रीक शब्द आहे "टुपोस", म्हणजे ठोकून उमटलेला ठसा. योहान 20:25 मध्ये खिळ्यांच्या खुणांसाठी हाच शब्द आहे. हे सांगितलंत तर धडा मुलांच्या मनात राहील.

यादीत भाषण पहिलं आहे. आपल्या बेळगाव सीमाभागात याचा अर्थ अगदी सरळ: गिऱ्हाईक कन्नड बोललं तर आठी न घालता "एनु बेकू?" विचारायचं. भाषेचा वाद गल्ल्यावर आणायचा नाही.

निपाणी किराणा
दुकानापुरतं सांगतो. रोज सकाळी शिक्क्याचं 1 किलो आणि 5 किलोचं वजन ठेवून काटा तपासायचा. काटा सपाट जागी हवा, नाहीतर आकडा चुकतो. वर पंखा असेल तर आकडा स्थिर राहत नाही. डबा आधी ठेवून टेअर (डब्याचं वजन वजा करणारं बटण) दाबायचं आणि शून्य गिऱ्हाईकाला दिसू द्यायचं. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी फेरतपासणी दर 12 महिन्यांनी लागते. लोखंडी वजनांची 24 महिन्यांनी. काटा किलोमागे 20 ग्रॅम जास्त दाखवत असेल तर 50 किलोमागे गिऱ्हाईकाचा 1 किलो माल गेला. मुद्दाम केलं नाही म्हणून तो परत येत नाही.

चूक सापडली तर लेवीय 6:5 प्रमाणे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा: 500 चे 600. गिऱ्हाईक सापडतच नसेल तर ती रक्कम मंडळीच्या गरिबांच्या निधीत द्यावी, पण आपलं अर्पण म्हणून मुळीच नाही. ते पैसे आपले नव्हतेच.

भातलावणीची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत (अनुवाद 24:15). इथे बहुतेकदा नियत नव्हे, सुट्टे आडवे येतात. "उद्या बघू" होतं आणि त्या घरचा बाजार चुकतो. सकाळीच मोजून ठेवावेत.

चिकोडीकर
शेजारधर्म राहिला. चिकोडी-अथणीकडे जैन आणि लिंगायत शेजार मोठा. नाताळच्या फराळात केक पाठवला की अंड्यामुळे तो तसाच पडून राहतो, आणि बिचारे संकोचानं बोलत नाहीत. करंज्या, शंकरपाळ्या पाठवा. तेल नवं आणि कढई मांस-मासळीची नसलेली. तसं आवर्जून सांगा. अनेक जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून ताट दुपारीच पोचवा. 1 करिंथ 8 मधली दुसऱ्याच्या विवेकाची काळजी इथे कामाला येते. कॅरोलचा लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद, हा कायदाच आहे.

भांडण झालं तर मत्तय 18:15: आधी एकट्यानं, समोरासमोर. ग्रुपवर लिहिणं म्हणजे पहिलीच पायरी गाळणं. माफी मागताना "चुकलं" नंतर "पण" आला की समोरच्याला फक्त "पण" ऐकू येतो.

खानापूरची शिक्षिका
आभारी आहे. पाचही गोष्टी एकाच रविवारी घेऊ का?

निपाणी किराणा
नको. रविवारी एक, आणि आठवड्यासाठी एकच काम. वर्तनाच्या रविवारी वर्गात काटाच घेऊन या. रिकामा डबा आणि किलोभर तांदूळ, टेअरशिवाय एकदा आणि टेअर करून एकदा मुलांनाच तोलू द्या.