जगाला आधीच नीतिमान ठरवलं, तर विश्वास कशासाठी?

नगरचा_नातू
सर्वांना सलाम. काल इथे एका बंधूंनी लिहिलं, 'येशू उठला त्याच पहाटे देवाने अख्ख्या जगाला नीतिमान ठरवलं, विश्वास म्हणजे त्याची नुसती पोच.' रात्रभर ते वाक्य सलत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ही शिकवण ल्यूथरच्या नावावर खपवू नका. 1530च्या ऑग्सबर्ग कबुलीचं, म्हणजे ल्यूथरनांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्याचं, चौथं कलम काढा. माणसं ख्रिस्ताखातर, विश्वासाच्या द्वारे, फुकट नीतिमान ठरतात आणि देव तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणतो. 1592 साली विटेनबर्गला आलेल्या सॅम्युएल हूबरने 'सगळेच नीतिमान ठरले' असं शिकवलं, तेव्हा त्याला विरोध करणारा हुनियस कट्टर ल्यूथरनच होता. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला हे हुनियसलाही मान्य होतं. पण सगळ्यांसाठी मिळवून ठेवणं वेगळं आणि सगळ्यांच्या पदरात पडणं वेगळं. योहान 3:18 म्हणतं, विश्वास न ठेवणाऱ्याचा निवाडा होऊन चुकला. मग त्याच माणसाला देवाने निर्दोष सोडलं कधी?

सेंट_लुईसची_सून
हूबरला मध्ये आणू नका. त्याने देवाने तारणासाठी केलेली निवडसुद्धा सगळ्यांची करून टाकली होती. मिसूरी सिनडचे जुने धर्मशास्त्री वॉल्थर किंवा पीपर असं कधीच म्हणाले नाहीत. मी इथे अमेरिकेत अकरा वर्षं याच सिनडच्या, म्हणजे ल्यूथरन मंडळीसंघाच्या, मंडळीत आहे. सिनडचं 1932चं निवेदन म्हणतं की देवाने ख्रिस्तात सर्व जगाला नीतिमान ठरवलं आहे, आणि त्याच परिच्छेदात पुढे म्हणतं की विश्वास ठेवणाऱ्यांना तो नीतिमान गणतो. तुम्ही अर्धंच वाचता. आणि चौथ्या कलमात आपल्या पापांची क्षमा झाली आहे असा विश्वास ठेवायला सांगितलंय. झालीच नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा?

आईला शेवटच्या वर्षी काही आठवेना. दिवसातून दहादा विचारायची, 'बाळा, माझा विश्वास राहिलाय का गं?' तिला काय सांगायचं होतं, आत डोकावून बघ म्हणून? मी सांगायचे, 'आई, तुझा निकाल त्या रिकाम्या कबरेपाशीच लागला.' मग ती झोपायची.

नगरचा_नातू
ताई, तुमच्या आईबद्दल मी काही बोलणार नाही. पण माझ्या काकांच्या दफनविधीला पाळकसाहेब शवपेटीपाशी उभे राहून म्हणाले, 'यांची क्षमा कधीच झाली आहे.' काकांनी आयुष्यभर प्रभूचं नाव थट्टेवारी नेलं होतं. चुलतभाऊ तेव्हापासून उपासनेला येत नाहीत. 'आमचंही झालंच की,' म्हणतात. त्यांना मी काय उत्तर देऊ?

जुनी_पोथी
सगळी मदार रोम. (रोमकरांस पत्र) 4:25 वर आहे, जिथे येशू मरणाला दिला गेला आणि उठवला गेला असं येतं. ग्रीकमध्ये 'दिआ' दोनदा येतं. आपल्या बायबलात पहिल्यांदा 'अपराधांमुळे' आणि दुसऱ्यांदा 'नीतिमान ठरावे म्हणून'. एकाच ओळीत एकाच शब्दाचे दोन अर्थ का? दोन्हीकडे 'मुळे' घेतलं, तर आपण नीतिमान ठरलो म्हणून तो उठवला गेला. मग ताईंचं बरोबर.

मिरजेची_माई
दर वेळी कुणीतरी ग्रीक काढतं! माझी आजी याच मराठीवर विश्वासात मेली. 'म्हणून' चुकीचं असेल तर तिचा विश्वासही चुकीचा का?

जुनी_पोथी
आजीवर कशाला घेता, माई? भाषांतर तपासणं म्हणजे अपमान नव्हे.

मिरजेची_माई
घेतेच. मंडळीत तरुण पोरं 'मूळ भाषेत असं आहे' म्हणत म्हाताऱ्यांना गप्प करतात. आणि 'ठरणं' मला शिकवू नका. लग्न ठरतं आणि मग लागतं. ठरलेलं लग्न मोडतंही. जगाचं ठरलंय, लागायचंय विश्वासाने. एवढं सोपं आहे.

सेंट_लुईसची_सून
माई, हे 'ठरणं' कोर्टातलं आहे. आरोपी निर्दोष ठरला, म्हणजे निकाल लागला. तो सुटला.

नगरचा_नातू
सुटला ना? मग रोम. 5:17 मध्ये कृपा 'स्वीकारणारे' का आहेत? आणि 2 करिंथ. 5:19 मध्ये जगाचा समेट झाला म्हणता, तर पुढच्याच वचनात ही पत्रं लिहिणारा पौल 'देवाशी समेट करा' म्हणून विनवतो कुणाला? हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इंडियानातल्या कोकोमोत विस्कॉन्सिन सिनड या दुसऱ्या ल्यूथरन संघाच्या मंडळीने काही सभासदांना बाहेर काढलं. विश्वास असो-नसो, प्रत्येक पाप्याला संताचा दर्जा मिळाला आहे, हे विधान त्यांना पटेना, एवढाच त्यांचा गुन्हा. ही शिकवण न मानणारे ल्यूथरन भाष्यकार लेन्स्की त्या मंडळीत असते तर त्यांनाही काढलं असतं.

सेंट_लुईसची_सून
ते विधान मीही म्हणणार नाही. संताचा दर्जा विश्वासाशिवाय नाही, हे मान्य. त्या लोकांना काढायला नको होतं, हेही मान्य. पण पौल विनवतो कारण निकालाचा कागद तयार आहे. तो घ्या, असं सांगतो. कागद कोरा असता तर विनवणीत दम कुठला?

नगरचा_नातू
विश्वासाआधी क्षमा मिळवून ठेवलेली आहे, इथपर्यंत येतो. ल्यूथरनेही ती मिळवणं आणि वाटणं वेगळं धरलं होतं. पण तिला 'नीतिमान ठरवणं' मी म्हणणार नाही. तो शब्द पौलाने विश्वास ठेवणाऱ्यासाठी राखलाय, रोम. 4:5 पाहा. उद्या चुलतभावाकडे जाणार आहे. त्याला सांगेन, 'तुझ्या वाट्याचं ठेवलेलं आहे, पण तू अजून घेतलेलं नाहीस.'

मिरजेची_माई
जा, आणि ग्रीक घरी ठेवून जा.