पाठ्यपुस्तकांतले आदिवासी १८५७ च्या आधीच का संपतात?

रानवाट: शाळेच्या इतिहासात भिल्ल, कोळी, रामोशी, संथाळ यांची जागा ठरलेली. १८५७ च्या आधी एक परिच्छेद, त्यात सगळे कोंबलेले. पुढे बिरसा मुंडा एका चौकटीत डोकावतात, की झालं. स्वातंत्र्य आणलं ते बाकीच्यांनी, असाच मुलांचा समज होतो.

तिरपागडा: असहमत. १८५५ मध्ये संथाळांचे नेते सिदो-कान्हू उठले ते सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार या तिघांविरुद्ध. ‘भारत स्वतंत्र करू’ असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना ओढूनताणून राष्ट्रीय चळवळीत बसवणं हाही त्यांच्यावर अन्यायच.

रानवाट: मग हाच निकष १८५७ ला लावा की! झाशीचा वाद दत्तक वारस नाकारण्यावरूनच पेटला ना? तिथे कुणी असं विचारत नाही. आणि सावकाराचं म्हणाल, तर धड्यात नेमका तोच गाळलेला असतो. ‘इंग्रजांच्या जुलमामुळे उठाव’ एवढंच. जमीन बळकावणारे देशी होते, हे छापायला जड जातं.

खडूफळा: वर्गात शिकवते म्हणून सांगते, तासिका मोजक्या असतात. प्रत्येक जमातीला जागा द्यायची तर पुस्तकाचा हजेरीपट होईल. आताही मुलं उमाजी नाईक, राघोजी भांगरे ही नावं घोकतात. का लढले ते विचारा, वर्ग गप्प. नावं वाढवू नका, एकच लढा धड शिकवू द्या.

सह्यकडा: एकच हवा तर रायगड जिल्ह्यातलं चिरनेर घ्या. २५ सप्टेंबर १९३०, इंग्रजांच्या जंगल कायद्यांविरुद्धचा जंगल सत्याग्रह, पोलिसांचा गोळीबार. हुतात्म्यांत नाग्या कातकरी. हा तर गांधींच्या चळवळीतलाच भाग, ‘राष्ट्रीय नव्हता’ म्हणायची सोय नाही. शिवाय १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदाही शिकवा. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा देशभरातून जायला १९५२ उजाडलं!

तिरपागडा: चिरनेर मान्य. पण ईशान्येचं काय करणार? इंग्रजांविरुद्ध लढलेल्या नागा नेत्या राणी गाइदिन्ल्यू १९३२ पासून स्वातंत्र्यापर्यंत तुरुंगात, हे कौतुकाने छापाल. १४ ऑगस्ट १९४७ ला नागा नॅशनल कौन्सिल या नागांच्या राजकीय संघटनेने वेगळ्या स्वातंत्र्याची घोषणा केली, तेही छापाल? सोयीचे नागा आत, गैरसोयीचे बाहेर, असं नको.

रानवाट: छापा की दोन्ही, एकाच पानावर. दहावीची पोरं तेवढी कच्ची नसतात. बिचकतात ते पाठ्यपुस्तक मंडळवाले.