एमएफआय सेम, तरी नळी खरखरीत का येतीय?

कुपवाड_एक्स्ट्रुजन: नमस्कार मंडळी, आमची १६ एमएम ड्रिप लॅटरलची (ठिबकची नळी) लाईन आहे, ऑक्टोबर छाटणीच्या आधी तासगाव साईडची घाई असते म्हणून स्पीड वाढवला तर नळीवर बारीक आडव्या रेघा, नख ओढलं की खर्रर्र. सप्लायर बदललाय, पण दाणा एलएलडीपीईच (नळीचं पॉलिथिन प्लास्टिक) आणि एमएफआय, म्हणजे वितळल्यावर किती वाहतं तो आकडा, दोन्हीचा १. जुना दाणा याच स्पीडला गुळगुळीत जायचा. पोरानं डायचं (नळीला आकार देणारा साचा) कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं, त्यात सगळं ओके दाखवतंय.

मिरजेचा_रिओमीटर: दादा, एमएफआय म्हणजे १९० डिग्रीला २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम पडलं, बास. १ एमएफआयला तिथं शिअर रेट, म्हणजे मेल्टचे (वितळलेल्या प्लास्टिकचे) थर एकमेकांवरून किती जोरात सरकतात तो आकडा, भरतो साधारण २.४ पर सेकंद. तुमचं आउटपुट किती, डायच्या तोंडाची गॅप किती?

कुपवाड_एक्स्ट्रुजन: तासाला ६० किलो, गॅप दीड एमएम, मधला व्यास २२.

मिरजेचा_रिओमीटर: मेल्ट डेन्सिटी ०.७६ धरली तर ८५० पर सेकंदच्या आसपास जातंय की! कुठं अडीच अन् कुठं साडेआठशे. नवीन दाणा मेटॅलोसीन (त्या नावाच्या कॅटलिस्टनं बनवलेला) आहे का बघा, त्याच्या साखळ्यांची लांबी जवळपास एकसारखी असते त्यामुळं स्पीडला तो जुन्याइतका पातळ होत नाही, डायच्या भिंतीवर स्ट्रेस वाढतो. एलएलडीपीईला ०.१ ते ०.२ मेगापास्कलच्या पुढं शार्कस्किन, म्हणजे याच खरखरीत रेघा, सुरू होते.

कुपवाड_एक्स्ट्रुजन: पोत्यावर मेटॅलोसीनच लिहिलंय 😅 मग सॉफ्टवेअरला कळत कसं नाही?

मिरजेचा_रिओमीटर: ते दाखवणारच नाही. भिंतीला चिकटलेला मेल्ट तोंडातून बाहेर पडला की एकदम वेग घेतो, वरची कातडी ताणून फाटते, आणि सॉफ्टवेअरमधली सूत्रं, पॉवर लॉ काय क्रॉस मॉडेल काय, दोन्हीत नुसती व्हिस्कॉसिटी (घट्टपणा), ताण सहन करायचा हिशोबच नाही. पोराला वॉल शिअर स्ट्रेसचा (डायच्या भिंतीवरचा स्ट्रेस) आकडा काढायला सांगा, तोही नव्या दाण्याच्या कॅपिलरी कर्व्हवरून (बारीक नळीतून वेगवेगळ्या स्पीडला ढकलून मोजलेला आलेख), बॅगली करेक्शन केलेल्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी जाणारं प्रेशर वजा करून. जुन्याच ग्रेडचा डेटा घातला असंल तर ओकेच येणार.

लाईनवरचा_काका: कर्व्ह सप्लायरकडं माग, तोवर डायच्या तोंडाचा हीटर १०-१५ डिग्री चढव, सगळं बॅरल नको तापवू. पीपीए (डायच्या भिंतीवर निसरडा थर देणारं ॲडिटिव्ह) घालणार असशील तर थोडा वेळ लाईन चालू दे, भिंतीवर थर बसल्याशिवाय फरक दिसत नाही, लोक लगेच डोस वाढवत सुटतात. एलडीपीई (दुसऱ्या जातीचं पॉलिथिन) मिसळून रेघा जातील पण स्ट्रेस क्रॅकला (ताण आणि रसायनानं तडा जाणं) नळी कमी पडते, द्राक्षबागेत खतं सोडतात त्यातनं, म्हणून मी तरी ते शेवटी करीन.